व्हिएन्नातील शरदाचा एक निवांत दिवस: काय पाहावे आणि काय सोडून द्यावे

सांजसावली (धागाकर्ती)

व्हिएन्नाला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी तिथे दीड-दोन दिवस थांबतात आणि शोनब्रुनचा राजवाडा, ऑपेरा, श्टेफान कॅथेड्रल, संध्याकाळी केसांचे टोप घातलेल्या वादकांची मोत्झार्टची मैफल असा ठरलेला क्रम उरकून बुडापेस्टला किंवा प्रागला रवाना होतात. त्यात वाईट काहीच नाही. परंतु ऑक्टोबर महिना असेल, जुने मित्रमैत्रिणी बरोबर असतील आणि हाताशी एक पूर्ण मोकळा दिवस असेल, तर हा क्रम बाजूला ठेवावा आणि दिवसाचा मोठा भाग शहराच्या कडेच्या द्राक्षमळ्यांत घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. राजवाडे बारा महिने उघडे असतात. द्राक्षांचा हंगाम मात्र काही आठवड्यांचाच असतो.

आमचा महाविद्यालयातला कंपू आता युरोपभर विखुरलेला आहे. एक मैत्रीण व्हिएन्नात नोकरी करते, म्हणून यंदा ऑक्टोबरच्या मध्यावर सगळे तिच्याकडे जमलो. मी म्युनिकहून रेल्वेने आले. साधारण चार तास लागतात आणि वाटेत साल्झबुर्ग लागते. त्या दिवसाचा आराखडा आणि त्यामागची कारणे इथे मांडते. ज्यांना जायचे आहे त्यांना त्याचा उपयोग होईल आणि ज्यांचे मत निराळे आहे त्यांनी ते जरूर लिहावे.

ऑक्टोबरच्या सकाळी डॅन्यूबच्या खोऱ्यात पुष्कळदा धुके साचते आणि ते दहा-अकराशिवाय हलत नाही. त्यामुळे सकाळी लवकर उठून टेकडी गाठण्याची, आपल्या रक्तात भिनलेली, घाई इथे उपयोगाची नाही. तो वेळ कॉफीगृहात बसण्याचा आहे. तिथल्या कॉफीगृहांची संस्कृती २०११ साली ऑस्ट्रियाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. ‘सेंट्राल’ हे १८७६ सालचे कॉफीगृह त्यांत सर्वांत प्रसिद्ध असल्यामुळे त्याच्या दारात पर्यटकांची रांग असते. आम्ही १८८० सालच्या ‘श्पेर्ल’मध्ये गेलो. उंच छत, झिजलेल्या गाद्यांची आसने, मधोमध बिलियर्डची टेबले आणि वर्तमानपत्रे लाकडी दांडीच्या चौकटीत अडकवून ठेवलेली. मेलांज, म्हणजे फेसाळ दुधाची कॉफी, मागवली की वेटर एक लंबगोल धातूचे तबक आणून ठेवतो. त्यात कॉफीचा पेला, शेजारी पाण्याचा छोटा ग्लास आणि त्या ग्लासवर उपडा ठेवलेला चमचा असतो. तुम्ही एका कॉफीवर दोन तास बसलात तरी कोणी बिल पुढे सरकवत नाही. वेटर मात्र थोडे तुसडे असतात; त्याचा राग मानू नये, तो तिथला रिवाजच समजला जातो.

त्या ग्लासातले पाणीही लक्षपूर्वक प्यावे. एदुआर्ड झ्यूस या भूवैज्ञानिकाच्या पुढाकाराने १८७३ साली आल्प्सच्या पायथ्याच्या झऱ्यांचे पाणी कालव्याने व्हिएन्नात आणले गेले, आणि १९१० साली दुसरी वाहिनी त्याला जोडली गेली. पाणी केवळ उताराने, पंपाशिवाय, शहरापर्यंत पोहोचते. त्यामुळे बाटलीबंद पाणी विकत घेण्याचे तिथे काहीच कारण नाही.

धुके विरल्यावर भुयारी रेल्वेच्या चार क्रमांकाच्या मार्गाने हायलिगेनश्टाट स्थानक गाठले आणि तिथून ३८ए क्रमांकाच्या बसने काहलेनबर्गच्या माथ्यावर गेलो. उंची ४८४ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या हिशेबाने टेकाडच. पण खाली सगळे शहर, डॅन्यूबचे दोन प्रवाह आणि हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला पार स्लोव्हाकियाच्या दिशेचे डोंगर दिसतात. १२ सप्टेंबर १६८३ रोजी पोलंडचा राजा यान सोबिएस्की याच्या नेतृत्वाखालील संयुक्त सैन्य याच उतारांवरून खाली उतरले आणि व्हिएन्नाला पडलेला तुर्कांचा वेढा उठला. माथ्यावरच्या चर्चमध्ये म्हणूनच पोलिश यात्रेकरूंची सतत वर्दळ असते. माघार घेणाऱ्या तुर्कांच्या छावणीत कॉफीच्या बियांची पोती सापडली आणि कोल्शित्स्की नावाच्या हेराने त्यांतून शहरातले पहिले कॉफीगृह काढले, अशी गोष्ट प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. गोष्ट रंगतदार आहे. परंतु कॉफी विकण्याचा पहिला परवाना १६८५ साली योहानेस दिओदातो या आर्मेनियन व्यापाऱ्याला मिळाला, असे इतिहासकार दाखवून देतात.

माथ्यावरून बसने परत येऊ नये, पायी उतरावे. दिवसाचा गाभा हाच आहे. आधी बीचच्या झाडांचे जंगल लागते, मग झाडी अचानक संपते आणि नुसबर्गच्या उतारावर द्राक्षमळे सुरू होतात. शहराच्या हद्दीत सहाशे हेक्टरांच्या आसपास द्राक्षशेती असलेली दुसरी मोठी राजधानी मला तरी माहीत नाही. वेलींच्या पानांचा हिरवा रंग जाऊन पिवळा आणि मध्येच तांबूस झालेला असतो, काही ओळींतली तोडणी झालेली असते, काही ओळींवर अजून घड लटकत असतात. वाट डांबरी आणि अरुंद आहे; मुले सायकली हाणत असतात, आजी-आजोबा दोन्ही हातांत काठ्या घेऊन झपाझप चढत असतात. सुट्टीच्या दिवशी मळ्यांतच बाके मांडून द्राक्षबागायतदार आपापली वाइन विकतात.

याच दिवसांत श्टुर्म मिळते. द्राक्षरस आंबू लागला आहे पण वाइन अजून झालेली नाही, अशा मधल्या अवस्थेतले हे पेय. नीरा आणि ताडी यांच्यामधला सकाळचा तास ज्यांनी अनुभवला आहे त्यांना ते लगेच कळेल: गढूळ, गोड, जिभेला चुरचुरणारे आणि दिसते त्यापेक्षा बरेच चढणारे. आंबण्याची क्रिया चालूच असल्यामुळे बाटलीला घट्ट बूच लावत नाहीत, तोंडावर नुसता पातळ पत्रा दुमडून ठेवतात आणि बाटली उभीच न्यावी लागते. आमच्यातल्या एकाने ती पाठपिशवीत आडवी टाकली. त्याच्या जाकिटाला आठवडाभर द्राक्षांचा वास येत होता. पोट नाजूक असणाऱ्यांनी एका पेल्यावर थांबावे, याहून अधिक स्पष्ट लिहीत नाही.

खाली नुसडॉर्फमध्ये हॉयरिगर, म्हणजे बागायतदारांनी चालवलेली पानगृहे, आहेत. सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ साली शेतकऱ्यांना स्वतःची वाइन आणि खाद्यपदार्थ घरी विकण्याची मुभा दिली, तेव्हापासूनची ही परंपरा. दारावर पाइनच्या फांद्यांची जुडी टांगलेली असेल तर आत या, असा त्याचा अर्थ. तिथे दोन-अडीच तास कसे गेले ते कळले नाही, कारण आमच्या गप्पांना कॉलेजच्या दिवसांपासून खंड पडलेला होता.

परतीसाठी नुसडॉर्फहून निघणारी ‘डी’ ट्राम धरली. ऑक्टोबरच्या मध्याला सहा वाजून गेल्यावर सूर्य मावळतो. नेमक्या त्या वेळी ही ट्राम रिंगश्ट्रासेवर येते. शहराची तटबंदी पाडून तिथे रस्ता करण्याचा आदेश सम्राट फ्रान्झ योसेफने १८५७ साली दिला आणि १८६५ साली रस्ता खुला झाला. विद्यापीठ, नगरभवन, बुर्ग नाट्यगृह, संसद, दोन जुळी संग्रहालये, ऑपेरा ही सगळी ओळ ट्रामच्या खिडकीतून, दिवे लागता लागता, साध्या तिकिटात पाहून होते. ऑपेरापाशी उतरून भाजलेल्या चेस्टनटची पुडी घेतली आणि आतल्या गल्ल्यांमधून कॅथेड्रलपर्यंत पायी गेलो. दिवस संपला. आत जाऊन पाहिलेली तिकिटाची वास्तू एकही नाही.

अशा दिवसात कोणी काय बदल सुचवेल, हे जाणून घ्यायला आवडेल.

घाटमाथा

लेख आवडला, पण मूळ मुद्द्याशी असहमत आहे. जो माणूस म्युनिकला राहतो त्याला व्हिएन्नाला पुन्हा जाणे सहज जमते, म्हणून तो राजवाडा सोडू शकतो. जो आयुष्यात एकदाच, पै-पै साठवून, नागपूरहून किंवा कोल्हापूरहून तिथे पोहोचतो त्याला द्राक्षमळे पाहायला सांगणे कितपत योग्य आहे? द्राक्षमळे नाशिकलाही आहेत. हाब्सबुर्ग घराण्याने जे शहर सहाशेहून अधिक वर्षे आपल्या सत्तेचे केंद्र म्हणून घडवले, त्याच्या दिवाणखान्यात डोकावायचेच नाही, हे मला पटत नाही.

सांजसावली

घाटमाथा, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि एकदाच जाणाऱ्याने माझा शब्द प्रमाण मानू नये. तरीही एक सुचवते. शोनब्रुनमध्ये १४४१ खोल्या आहेत असे सांगतात, त्यांतल्या जेमतेम चाळीसएक खोल्या पर्यटकांना दाखवतात आणि त्याही गर्दीबरोबर सरकत. उलट राजवाड्यामागची बाग विनामूल्य आहे. मळ्यांऐवजी दुपार तिथे घालवायची असेल, तर कातरून सरळ भिंतीसारख्या केलेल्या झाडांच्या रांगा शरदात सोनेरी होतात आणि वरच्या टेकडीवरील ग्लोरिएट या कमानींच्या मंडपापासून संपूर्ण शहर दिसते. राजवाडा बाहेरून, बाग आतून, अशी तडजोड मला मान्य आहे. नाशिकच्या मळ्यांशी तुलना मात्र मान्य नाही; तिथे मळ्यातून निघून ट्रामने अर्ध्या-पाऊण तासात ऑपेरापाशी उतरता येत नाही.

वाचनवेडा

तिकीट काढून पाहायची एकच गोष्ट निवडायची असेल तर माझे मत कला-इतिहास संग्रहालयाला, आणि त्यातही पीटर ब्रॉयगेलच्या दालनाला. ऋतुचक्रावरची त्याची चित्रमालिका १५६५ सालची आहे, आणि तिच्यातल्या उरलेल्या पाच चित्रांपैकी तीन इथे आहेत. बर्फातल्या शिकाऱ्यांचे चित्र सगळ्यांना ठाऊक असते. परंतु ऑक्टोबरमध्ये गेलेल्यांनी शेजारच्या ‘गुरांची परतणी’ या चित्रापुढे थांबावे. उन्हाळाभर डोंगरावर चरलेली गुरे गुराखी खाली गावाकडे हाकत आहेत, झाडे जवळपास निष्पर्ण झाली आहेत, उजवीकडून काळे ढग चढत आहेत आणि खाली खोऱ्यात नदीकाठी द्राक्षांची तोडणी चालू आहे. तुम्ही दुपारी जे पाहून आलात तेच साडेचारशे वर्षांपूर्वीच्या डोळ्यांनी पाहायला मिळते. गुरुवारी हे संग्रहालय रात्री नऊपर्यंत उघडे असते, त्यामुळे सांजसावली यांच्या आराखड्याला धक्का न लावता हे बसवता येईल. ‘डी’ ट्राम त्याच्या दारावरूनच जाते.

तांबडी जास्वंद

मी शाकाहारी आहे आणि मद्य घेत नाही. माझ्यासारखीने त्या पानगृहात बसून नुसते इतरांकडे पाहायचे का?

डॅन्यूबकाठ

मी बरीच वर्षे व्हिएन्नात राहतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

जास्वंदताई, आपली उपासमार होणार नाही. श्टुर्म होण्याआधीचा ताजा, न आंबलेला द्राक्षरस जवळपास प्रत्येक हॉयरिगरमध्ये मिळतो आणि तो अप्रतिम असतो. खाण्यासाठी आत एक काउंटर असतो. पदार्थ पाहून, बोट दाखवून, वजनावर किंवा नगावर घ्यायचे आणि ताट स्वतः टेबलावर आणायचे. पेये मात्र टेबलावर आणून देतात. लिप्टाउअर म्हणजे पाप्रिका घालून केलेले मऊ चीजचे लालसर लेपण, काळ्या पावावर लावून खावे. आपल्या जिभेला ते लगेच रुचते. बटाट्याची कोशिंबीर बघून ‘हे शाकाहारीच’ असे गृहीत धरू नये, कारण तिथल्या पद्धतीत ती बहुधा मांसाच्या रश्श्यात मुरवलेली असते. विचारून घ्यावे. शहरातल्या खानावळींत या दिवसांत भोपळ्याचे दाट सूप मिळते, त्यावर श्टायरमार्क प्रांतातले भोपळ्याच्या बियांचे जवळपास काळे दिसणारे हिरवे तेल ओततात. तेही आधी रश्श्याबद्दल विचारूनच घ्यावे. दह्यासारख्या ताज्या चीजचे सारण घातलेला टोपफेनश्ट्रूडेल घेतला तर जेवणच होते, पण त्यात अंडे असते.

चेस्टनटबद्दल एक इशारा द्यायचा आहे, कारण दरवर्षी कोणीतरी पर्यटक ही चूक करतो. प्राटर उद्यानाच्या साडेचार किलोमीटरांच्या सरळ रस्त्यावर दुतर्फा चेस्टनटची झाडे आहेत आणि ऑक्टोबरमध्ये खाली चकचकीत तपकिरी फळांचा सडा पडलेला असतो. ती घोडचेस्टनटची फळे. ती विषारी असतात, खाऊ नयेत. मुले ती केवळ खेळायला गोळा करतात. गाडीवर भाजून मिळतात ती निराळ्या झाडाची. भाजणारा माणूस फळाच्या पाठीवर आधी चीर देतो, लोखंडी तव्यावर ती उलथत राहतो आणि चीर उमलली की कागदी पुडीत भरतो. हात भाजला तरी गरम असतानाच सोलावीत. गार झाली की आतली केसाळ साल गराला चिकटून बसते आणि सगळी मजा जाते. पुडी घेताना त्याच गाडीवरच्या बटाट्याच्या भाजलेल्या फोडीही घ्याव्यात.

अनामिक पुणेकर

आई-बाबांना घेऊन जाणार आहे. दोघांचे गुडघे दुखतात, उतरणे तर चढण्यापेक्षाही अवघड जाते. मग काहलेनबर्ग रद्द करावे का?

डॅन्यूबकाठ

अजिबात नको. माथ्यापर्यंत बस जाते आणि बसथांब्यापासून नजारा दिसणारा सज्जा अगदी जवळ, सपाटीवर आहे. तासभर तिथे बसावे आणि त्याच ३८ए बसने ग्रिन्त्सिंगला उतरावे. ते गाव नुसडॉर्फपेक्षा अधिक पर्यटकी आहे, बसगाड्या भरून माणसे येतात आणि टेबलापाशी येऊन व्हायोलिन वाजवणारेही भेटतात. पण आई-बाबांना ते कदाचित आवडेलही. तिथून ३८ क्रमांकाची ट्राम थेट रिंगवर आणून सोडते. तिकीट काढल्यावर ते निळ्या यंत्रात घालून शिक्का उमटवायला विसरू नका. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे उत्तर त्यांनी पुष्कळदा ऐकलेले असते.

षड्ज

हायलिगेनश्टाटला उतरूनही कोणी बीथोव्हेनचे नाव घेतले नाही याचे नवल वाटले. बहिरेपण बरे होणार नाही हे कळून चुकल्यावर भावांना उद्देशून लिहिलेले ते प्रसिद्ध पत्र त्याने याच गावात, १८०२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लिहिले आणि कधीच पाठवले नाही. ते त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडले. आत्महत्येचा विचार मनात येऊन गेला होता आणि केवळ कलेने मागे खेचले, असे त्यात तो स्पष्ट लिहितो. प्रोबुसगासेवरच्या घरात आता त्याचे संग्रहालय आहे. नुसडॉर्फमध्ये ओढ्याकाठची एक पायवाट त्याच्या नावाने ओळखली जाते. सहाव्या सिंफनीतला ओढा हाच, असे मानतात. माझी सूचना अशी की टेकडीवरून उतरल्यावर पानगृहात शिरण्याआधी अर्धा तास ही वाट चालावी. पानगृहात शिरल्यावर ती चालणे होणार नाही.

वाचनवेडा

आणि ज्यांना पुढचा टप्पा गाठायचा आहे त्यांनी ७१ क्रमांकाच्या ट्रामने मध्यवर्ती दफनभूमीत जावे. तिथे १८८८ साली बीथोव्हेन आणि शूबर्ट यांचे अवशेष आणून शेजारी-शेजारी पुरले. ब्राम्स आणि योहान श्ट्राउस जवळच आहेत. अडीच चौरस किलोमीटरांचा परिसर आणि सुमारे तीस लाख मृत, म्हणजे शहरातल्या जिवंत माणसांपेक्षा अधिक. एखादा वारला की ‘त्याने ७१ धरली’ असे व्हिएन्नाचे लोक म्हणतात.

तांबडी जास्वंद

मित्रांबरोबरच्या सहलीत दफनभूमी? मला हे ऐकूनच कसेसे झाले.

सांजसावली

जास्वंद, मलाही आधी तसेच वाटले होते, म्हणून यंदा ती वगळली. पण आमची यजमान मैत्रीण रविवारी सकाळी तिथे फिरायला जाते, आणि थडग्यांवरच्या मेणबत्त्यांची चरबी खायला येणारे रानटी हॅम्स्टर पाहायला लोक लहान मुलांना घेऊन येतात असे तिने सांगितले. षड्ज यांची ओढ्याची सूचना मात्र अगदी योग्य आहे; क्रमही त्यांनी सांगितला तोच हवा.

घाटमाथा

माझा विरोध नोंदवून झाला, तरी तिकिटे काढायला बसलो आहे. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा सोयीचा पडतो. चालेल का?

डॅन्यूबकाठ

चालेल, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतात आणि त्यानंतर सूर्य पावणेपाचच्या आसपासच मावळतो. म्हणजे मळ्यांतून उतरायला दुपारी दोनच्या आत निघावे लागेल आणि सकाळच्या कॉफीला कात्री लागेल. शक्य असेल तर त्या रविवारच्या आधीचे दिवस घ्या. दुसरे, २६ ऑक्टोबर हा ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिन आहे, १९५५ साली त्या तारखेला तटस्थतेचा कायदा झाला. दुकाने बंद असतात आणि हवा चांगली असेल तर निम्मे शहर टेकडीवर लोटते. तिसरे, श्टुर्म तोवर संपत आलेली असते आणि अनेक छोटी हॉयरिगर वर्षातले ठरावीक आठवडेच उघडतात, म्हणून निघण्याआधी चौकशी करून टेबल राखून ठेवा आणि रोख पैसे जवळ बाळगा. शोनब्रुनच्या राजवाड्याचे तिकीट काढणार असाल तर सकाळी पहिल्या वेळेचे घ्या. बाराच्या आत बाहेर पडलात तर चार क्रमांकाची भुयारी रेल्वे शोनब्रुनहून गाडी न बदलता हायलिगेनश्टाटलाच नेते, आणि दुपार मळ्यांसाठी मोकळी राहते.